संगणक अडतो तेव्हा



हीरकमहोत्सवी स्मरणिकेत संस्थापकांच्या आठवणी असाव्यात, देणगीदारांचे ऋण मान्य केलेले असावे, वसतिगृहात राहून शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांनी दोन शब्द लिहावेत, ही रीतच आहे. त्या पंक्तीत संगणकाच्या बिघाडावरचा लेख येऊन बसलेला पाहून कित्येकांना नवल वाटेल. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु गेल्या उन्हाळ्यात आपल्या न्यासाच्या कार्यालयात जे घडले त्यात एका कर्तव्यदक्ष भगिनीवर आमच्या तोंडून नाहक दोष गेला, आणि शिष्यवृत्तीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम भलत्याच कामी लागण्याची वेळ आली. झालेली चूक उघडपणे सांगावी, आणि तीतून जे शिकावयास मिळाले ते घरोघरी उपयोगी पडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

कार्यालयातील संगणकावर सध्या एक मोठे काम चालू आहे, हे सभासदांना ठाऊक आहेच. आपला भाग सीमेचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, आणि जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके एकीकडे, तर बिदर, भालकी, औराद व हुमनाबाद हे दुसरीकडे गेले. घरे तीच राहिली, सोयरीक तीच राहिली, कागदपत्रे मात्र दोन राज्यांत विखुरली. अशा भागात वसतिगृहाच्या जुन्या प्रवेशपुस्तकातील एक ओळदेखील मोलाची ठरते. मुलाचे गाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, आधीची शाळा यांची नोंद तीत असते. कोणी जन्मतारखेचा मेळ घालण्यासाठी उतारा मागावयास येतो. कोणी २०१३ साली लागू झालेल्या कलम ३७१-जेखालील सवलतीसाठी स्थानिक रहिवासाचे पुरावे गोळा करीत असतो. साठ वर्षांची ही पुस्तके आता जीर्ण झाली आहेत. पाने उलटताना कडा गळून पडतात. म्हणून प्रत्येक पानाची प्रतिमा स्कॅनरने घेऊन संगणकात साठवावी, असे विश्वस्त मंडळाने ठरविले आणि ते काम कार्यालयातील ताईंकडे सोपविले.

एप्रिल लागला आणि संगणक अडू लागला. ज्याला आपण सगळेच ‘हँग झाला’ म्हणतो, तो प्रकार. कधी पडद्यावरचे चित्र जागच्या जागी गोठे. कधी माऊसचा बाण उजवीकडे न्यावा तर तो अडखळत, उड्या मारीत भलतीकडे जाई. कधी सारा कारभार आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होई आणि अर्धवट राहिलेले पान पुन्हा घ्यावे लागे. आणि दुरुस्तीवाल्या मिस्त्रींना बोलाविले की यंत्र अगदी शहाण्या मुलासारखे चाले! वैद्याच्या ओट्यावर पाय ठेवताच पोटदुखी थांबावी, त्यातलीच ही गत. मिस्त्री दोनदा आले, दोनदा ‘काही दोष नाही’ म्हणून गेले.

मग बैठकीत मते पडू लागली. एक म्हणाले, व्हायरस शिरला असेल. दुसरे म्हणाले, यंत्र म्हातारे झाले, नवे घ्यावे, शिष्यवृत्तीच्या शिल्लकीतून तात्पुरती रक्कम उचलावी. आणि आम्हां पुष्कळांचे मत असे पडले की ताईंचा हात जड आहे, त्या घाईघाईने दहा कळा एकदम दाबतात, त्यामुळेच हे होते. हे मत आम्ही त्यांच्यासमोर बोलूनही दाखविले. ताईंनी उलट उत्तर केले नाही. ‘उद्यापासून मी लिहून ठेवते,’ एवढेच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक शंभर पानी वही आणली आणि तीत रकाने आखले.

वहीचे महत्त्व

जो बिघाड सतत असतो तो शोधणे सोपे. दिवा लागतच नसेल तर वायरमन घटकाभरात कारण सांगतो. जो बिघाड येतो आणि जातो, तो मात्र माणसाला चकवितो. कारण तो घडत असताना आपण चिडलेले असतो, आणि शोधावयास बसतो तेव्हा तो नाहीसा झालेला असतो. मागे उरते ती आपली आठवण, आणि आठवण फार पक्षपाती असते. जे आपल्या मताला जुळते तेवढेच ती जपून ठेवते. यावर उपाय एकच : घडले त्याच क्षणी, जसे घडले तसे, मत न देता लिहून ठेवणे.

ही काही आमचीच युक्ती नव्हे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क २ नावाच्या खोलीएवढ्या गणकयंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी असाच एक बिघाड आला. शोधता शोधता एका विद्युत-खटक्यात अडकलेला पतंग सापडला. तेथील कर्मचाऱ्यांनी तो पतंग चिकटपट्टीने रोजनिशीच्या पानावर चिकटविला आणि शेजारी वेळ लिहिली : दुपारचे ३ वाजून ४५ मिनिटे. ते पान आजही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रही आहे. बिघाडाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची चाल त्याआधीचीच. परंतु खराखुरा किडा सापडला तो असा. आमच्या लेखी त्या पतंगाइतकेच महत्त्व वेळ लिहून ठेवण्याच्या सवयीला आहे.

ताईंच्या वहीत रकाने होते ते येणेप्रमाणे : तारीख, वेळ, त्या क्षणी कोणते काम चालू होते, पडद्यावर काय दिसले, बाण हलत होता की नाही, कळफलकावरील कॅप्स लॉकची कळ दाबली असता तिचा दिवा लागला-विझला की नाही, संगणकाला आणखी काय जोडलेले होते, आणि खोलीत व आवारात काय चालू होते.

यातील कॅप्स लॉकचा रकाना वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावा. यंत्र गोठल्यासारखे वाटले तर ती कळ दाबून पाहावी. दिवा लागत-विझत असेल तर संगणकाचा मुख्य कारभार जिवंत आहे. एखादा कार्यक्रम तेवढा अडला आहे किंवा डिस्क संथ झाली आहे. अशा वेळी पाच मिनिटे वाट पाहण्यात शहाणपण असते. दिवा हलतच नसेल आणि बाणही मेल्यासारखा असेल, तर यंत्र मुळापासून थांबले आहे. त्याचे कारण बहुधा वीजपुरवठा, उष्णता, मेमरी किंवा एखादा सदोष ड्रायव्हर, म्हणजे यंत्राच्या भागाशी बोलणारा दुभाष्या कार्यक्रम, यांत सापडते. कळफलकच बंद पडला असेल तरीही दिवा लागत नाही, म्हणून बाणाकडेही पाहावे. एका कळीने शोधाचे क्षेत्र निम्मे होते.

करेझचा धडा

शोधाचे क्षेत्र निम्मे करीत जाणे ही आपल्या मातीला परकी असलेली विद्या नव्हे. बिदरशेजारी नौबाद येथे बहामनी काळातला भूमिगत पाण्याचा मार्ग आहे. त्याला करेझ किंवा सुरंग बावी म्हणतात. जांभ्या खडकातून बोगदा नेलेला आहे आणि अंतराअंतरावर जमिनीपासून बोगद्यापर्यंत उभ्या विहिरी खोदलेल्या आहेत. त्यांतून हवा व उजेड आत जातो आणि साफसफाईसाठी माणूस उतरू शकतो. आता समजा, शेवटच्या टोकाला पाणी येईनासे झाले. सगळा बोगदा उकरावयाचा काय? नाही. मधल्या विहिरीत डोकवावे. तेथे पाणी असेल तर अडथळा पुढे, नसेल तर मागे. मग उरलेल्या अर्ध्याची पुन्हा मधली विहीर पाहावी. दोन शेजारच्या विहिरींपैकी एकीत पाणी आहे आणि दुसरीत नाही असे दिसले की अडथळा त्या दोहोंच्या मध्येच आहे, हे बसल्या जागी समजते.

संगणकालाही अशाच विहिरी असतात. भिंतीतील सॉकेट, यूपीएस, यंत्रातील पॉवर सप्लाय, प्रोसेसर व त्याचा पंखा, मेमरी, डिस्क, जोडलेली उपकरणे, आणि शेवटी कार्यक्रम. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम वहीत लिहावा. एकदम चार गोष्टी बदलल्या आणि यंत्र सुधारले, तर आनंद होतो, पण ज्ञान होत नाही. आणि तोच बिघाड परत आला की पुन्हा पहिल्यापासून आरंभ.

आमच्या वहीने काय सांगितले

तीन आठवड्यांत वहीत १७ नोंदी झाल्या. एका रविवारी आम्ही चौघे जण ती वही समोर घेऊन बसलो आणि सारखी दिसणारी दुखणी एकेका गटात मांडू लागलो. तेव्हा ध्यानात आले की आम्ही ज्याला एक बिघाड समजत होतो ते तीन निरनिराळे बिघाड होते. एकमेकांच्या आड लपल्यामुळे एकाचेही तोंड नीट दिसत नव्हते.

१७ पैकी ८ नोंदी दुपारी दोन ते पाचच्या दरम्यानच्या होत्या. त्या वेळी स्कॅनिंग तासभर तरी अखंड चाललेले असे. यंत्र एकदम थांबत नसे. आधी मंद होई, पंख्याचा आवाज वाढे, मग थांबल्यासारखे होई. दोनदा ते आपणहून बंद पडले होते. हे लक्षण उष्णतेचे. प्रोसेसर, म्हणजे संगणकात आकडेमोड करणारा मुख्य भाग, काम करताना तापतो. बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ती जवळ आली की तो स्वतःचा वेग कमी करून घेतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर स्वतःला वाचविण्यासाठी यंत्र बंद करतो. कलबुर्गीकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. बिदर-भालकीकडे हवा त्या मानाने थोडी सौम्य, पण पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत फरक तो किती राहणार? बाहेरची हवाच तापलेली असेल तर पंखा तरी थंडावा कोठून आणणार? आम्ही यंत्राचे झाकण काढले. पंख्याखालच्या धातूच्या पात्यांमध्ये लाल धुळीचा घोंगडीसारखा जाड थर बसला होता. पंखा फिरत होता, पण वारा आत शिरतच नव्हता. साफसफाईपूर्वी तपमान दुपारी ९० अंशांपुढे जात असे, नंतर ते ७०च्या आत राहिले. दुपारच्या नोंदी तेथेच संपल्या.

आणखी ४ नोंदी सकाळच्या होत्या, यंत्र थंड असतानाच्या. त्यांत मंद होणे नव्हते. क्षणात पडदा गोठे किंवा यंत्र पुन्हा सुरू होई, आणि कॅप्स लॉकचा दिवा हलत नसे. शेवटच्या रकान्यात चारही वेळा एकच मजकूर होता : ‘बोअरची मोटार सुरू केली.’ विजेची मोटार सुरू होताना तिच्या नेहमीच्या चालीपेक्षा पाच ते सात पट प्रवाह क्षणभर ओढते. त्यामुळे त्याच तारेवरील इतर उपकरणांचा दाब क्षणभर खाली जातो. दिवा लुकलुकतो तो यामुळेच. माणूस डोळे मिटून उघडतो. संगणकाला तेवढाही खंड चालत नाही. हा खंड भरून काढणे हेच यूपीएसचे काम. पण आमच्या यूपीएसमधील बॅटरी सहा वर्षांची झाली होती. अशा बॅटरीचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षे, आणि उष्णतेत त्याहूनही कमी. यूपीएसवरचा हिरवा दिवा लागत होता म्हणून आम्ही निर्धास्त होतो. भिंतीवरचे बटण बंद करून पाहिले तेव्हा ते तीन सेकंदही तग धरू शकले नाही. नवी बॅटरी घातली, आणि वायरमनकडून मोटारीची तार वेगळी करून घेतली. तो बिघाडही संपला.

उरलेल्या ५ नोंदी माऊसच्या होत्या, आणि त्यांनीच आम्हांला सर्वांत जास्त चकविले होते. त्या नोंदींत यंत्र गोठतच नव्हते. बाण तेवढा अडखळत होता, उड्या मारत होता. पाचही वेळा ‘जोडलेले काय’ या रकान्यात बाहेरची डिस्क होती. आठवड्याचे काम सुरक्षित राहावे म्हणून ताई दर शनिवारी व अधूनमधून त्या डिस्कवर प्रती काढून ठेवीत. माऊस बिनतारी होता, आणि त्याचा नखाएवढा ग्राहक, म्हणजे रिसीव्हर, डिस्कच्या वायरीला अगदी खेटून मागच्या बाजूला लावलेला होता. बिनतारी माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर बोलतो. यूएसबी ३ जातीची जलद उपकरणे काम करताना नेमक्या त्याच पट्ट्यात विद्युत-गोंगाट करतात. इंटेल कंपनीने २०१२ साली याविषयी टिपण प्रसिद्ध केले होते. बाजाराच्या दिवशी भोंग्याशेजारी उभे राहून दोघांनी बोलावे, तशी त्या माऊसची अवस्था होती. उपाय काय, तर ग्राहक एका लहानशा जोडवायरीने पुढे, टेबलावर आणून ठेवला. खर्च नगण्य, गुण पूर्ण.

तीन बिघाड, तीन कारणे, आणि एकाही कारणाशी ताईंच्या हाताचा संबंध नव्हता. उलट माऊसचे दुखणे त्या प्रती काढीत होत्या तेव्हाच दिसत होते. म्हणजे ज्या काळजीबद्दल त्यांचे कौतुक व्हावयास हवे होते, तीच त्यांच्या अंगलट येत होती.

माऊसची आणखी काही दुखणी

डग्लस एंगलबार्ट व बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास अमेरिकेत पहिला माऊस बनविला तो लाकडी खोक्याचा होता, आणि त्याखाली काटकोनात बसविलेली दोन चाके होती. पुढे चाकांच्या जागी गोळी आली. गोळी काढून तिच्या रुळांवरचा मळ नखाने खरवडल्याचे तरुणपणीचे दिवस आपल्यातील अनेकांना आठवत असतील. आजच्या माऊसला गोळी नसते. त्याच्या पोटात एक लहान दिवा व एक बारीक कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे घेतो, आणि एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत बारीक खुणा किती सरकल्या यावरून बाण हलवितो. म्हणून काचेवर किंवा आरशासारख्या चकचकीत सनमायकावर तो गोंधळतो. त्याला खुणाच दिसत नाहीत. खाली साधा कोरा कागद ठेवून पाहावा. त्याने गुण आला तर माऊस निर्दोष आहे. पोटाखालच्या छिद्रात केस किंवा धूळ अडकली असेल तर कोरड्या मऊ कापडाने काढावी. बिनतारी असेल तर आधी सेल बदलावा. तारेचा असेल तर तार जेथे माऊसमध्ये शिरते तेथे हलवून पाहावी. आतील बारीक तारा बहुधा तेथेच तुटतात. एकदा दाबले असता दोनदा दाबल्याचा परिणाम होत असेल तर बटणाखालची कळ झिजली आहे. यापुढे दुसऱ्याचा चांगला माऊस लावून पाहणे हीच खरी परीक्षा.

आमच्या एका सभासदाच्या घरचा लॅपटॉप मात्र वेगळेच दुखणे घेऊन आला. बॅटरीवर चालविला की स्पर्शपट्टी उत्तम काम करी. चार्जर लावला की बाण पिसाटल्यासारखा धावे आणि धातूच्या कडेला हात लावला असता बोटांना मुंग्या येत. कारण निघाले अर्थिंगचे. चार्जरमधून अत्यंत अल्प असा गळतीचा प्रवाह यंत्राच्या अंगावर येतो. अर्थिंग चांगले असेल तर तो जमिनीत निघून जातो, नसेल तर अंगावरच राहतो. स्पर्शपट्टी बोटाच्या सूक्ष्म विद्युतभारावरून बोट ओळखते, म्हणून या भाराने ती फसते. घरातील तिसऱ्या पिनेला तारच जोडलेली नसणे ही आपल्याकडील जुन्या घरांतील नेहमीची गोष्ट. शिवाय उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की होते ते अर्थिंगही दुबळे होते. ज्या घरी यंत्राला हात लावताच मुंग्या येतात, त्यांनी संगणकाची चिंता नंतर करावी. आधी वायरमनला बोलवावे. कूलर, धुण्याचे यंत्र आणि पाण्याचा हीटर त्याच अर्थिंगवर अवलंबून असतात, आणि तेथे प्रश्न माऊसचा नसून जिवाचा असतो.

घरी कोणत्या क्रमाने पाहावे

आरंभ कागदपत्रांच्या दुसऱ्या प्रतीपासून करावा. यंत्र अडू लागले की दुरुस्तीचा विचार मागाहून, आधी महत्त्वाची कागदपत्रे आणि छायाचित्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. कारण अडण्याचे एक कारण खुद्द डिस्क मरणपंथाला लागलेली असणे हेही असू शकते. बाण हलतो आहे, पण काहीही उघडावयास फार वेळ लागतो, आणि जुन्या पद्धतीची फिरती डिस्क असेल तर आतून टकटक आवाज येतो, ही तिची लक्षणे. अशा डिस्कवर दुरुस्तीचे लांबलचक कार्यक्रम चालवू नयेत. दमलेल्या बैलाला चढावर ओझे देण्यासारखे ते होते.

नंतर साध्या गोष्टी पाहाव्यात. मुख्य डिस्कवर जागा शिल्लक आहे काय? मेमरी म्हणजे कामाचे टेबल आणि डिस्क म्हणजे कपाट असे समजा. टेबल लहान असेल आणि एकदम वीस कागद उघडले, तर संगणक काही कागद कपाटात ठेवतो, लागले की काढतो. कपाटही भरलेले असेल तर त्याची सारी शक्ती या ने-आणीतच जाते. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता कार्यक्रम किती मेमरी, किती डिस्क वापरतो ते दिसते. रिलायबिलिटी मॉनिटर नावाचे पान शोधून उघडावे. त्यात कोणत्या तारखेला काय कोसळले आणि त्याच सुमारास कोणता नवा कार्यक्रम किंवा ड्रायव्हर बसविला गेला, याची नोंद संगणक स्वतःच ठेवतो. ही यंत्राची वही आपल्या वहीशी ताडून पाहावी. नव्या बदलानंतर दुखणे सुरू झाले असेल तर तो बदल मागे घ्यावा. मेमरीचा संशय असेल तर विंडोज मेमरी डायग्नोस्टिक रात्रभर चालवावे.

उघडून साफ करावयाचे असेल तर तार भिंतीतून पूर्ण काढावी, आणि आतील भागांना स्पर्श करण्यापूर्वी यंत्राच्या उघड्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगावरील विद्युतभार आतील नाजूक भागांवर जात नाही. पंख्याची पाती बोटाने धरून मग ब्लोअर मारावा. तोंडाने फुंकू नये, वाफ आत जाते. पॉवर सप्लायची पेटी मात्र कोणीही उघडू नये. तार काढल्यावरही तीत घातक दाब साठून राहू शकतो.

एक इशारा वेगळा दिला पाहिजे. बाण आपोआप हलतो याचे कारण शंभरात बहुतेक वेळा वर सांगितल्यापैकीच असते. परंतु बाण जर हेतूने हलत असेल, म्हणजे खिडक्या उघडणे, बँकेचे पान शोधणे, अक्षरे टंकित होणे असे दिसत असेल, तर कोणी दूरवरून यंत्र चालवीत असण्याचा संभव आहे. ‘तुमच्या संगणकात बिघाड आहे, आम्ही दुरुस्त करतो’ असा फोन करून दूरनियंत्रणाचा कार्यक्रम बसवावयास लावणारे ठग आहेत. अशा वेळी इंटरनेट ताबडतोब तोडावे आणि पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. तसेच ज्यांच्या यंत्रावर अद्याप विंडोज १० आहे त्यांनी ध्यानात ठेवावे की त्या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

शेवटचे दोन शब्द

नवा संगणक घ्यावा लागला नाही. एक बॅटरी, एक जोडवायर आणि वायरमनची मजुरी एवढ्यात काम भागले. शिष्यवृत्तीची रक्कम जेथे होती तेथेच राहिली आणि जूनमध्ये ठरल्याप्रमाणे वाटली गेली. स्कॅनिंग आता सकाळी लवकर सुरू होते, दुपारी यंत्राला आणि ताईंना दोघांनाही विश्रांती असते.

यंत्राला राग-लोभ नसतो. ते कोणाचा हात ओळखत नाही, कोणावर रुसत नाही. त्याच्या प्रत्येक अडण्यामागे कारण असते, आणि ते कारण वेळ, उष्णता, दाब, अंतर अशा मोजता येणाऱ्या गोष्टींत सापडते. राग-लोभ असतो तो आपल्याला. कारण सापडेपर्यंत आपल्याला दम निघत नाही, म्हणून जवळचा माणूस सापडतो, आणि बहुधा तो उत्तर न देणारा असतो. घरोघरी हेच होते. संगणक अडला की ‘पोराने गेम खेळून बिघडवला’, ‘सुनेला वापरता येत नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. तसे म्हणण्यापूर्वी पंधरा दिवस वही लिहावी, एवढीच सर्व कुटुंबांना आमची विनंती आहे.

रविवारच्या त्या बैठकीनंतर आम्ही ताईंची क्षमा मागितली. ती चार भिंतींच्या आत मागितली होती, आणि दोष मात्र सर्वांदेखत दिला होता. म्हणून येथे, सर्व सभासदांदेखत, ती पुन्हा मागतो. वही कार्यालयात यूपीएसशेजारच्या खिळ्याला दोरीने बांधून ठेवली आहे. उताऱ्यासाठी आलात तर अवश्य चाळून पाहावी.